भोंगा वाजला की वायर तोडायची नसते

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पर्यटनाचा हंगाम तोंडावर आलाय म्हणून मुद्दाम आत्ता लिहितोय. मालवण, तारकर्ली, देवबागच्या बोटवाल्या मित्रांनी रागवायच्या आधी पूर्ण वाचावी. आणि आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना "चला, डॉल्फिन बघून या" म्हणून बोटीत बसवणाऱ्या होमस्टेवाल्यांनी तर जरूर वाचावी.

दुसऱ्या कोणावर बोट ठेवण्याआधी माझंच सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा नाताळचा आठवडा. तुम्हाला माहीतच आहे, त्या आठ-दहा दिवसांवर आपलं अर्धं वर्ष निघतं. माझ्या बोटीला फोर स्ट्रोक आउटबोर्ड आहे. फुल थ्रॉटलवर दहा-बारा मिनिटं गेली की भोंगा वाजायला लागला. एकसारखा, कानात घुसणारा. त्याबरोबर मशीन आपोआप मंद व्हायचं. बंद करून थोडा वेळ थांबलं की परत सुरू, जणू काही झालंच नाही. मेकॅनिकला फोन केला तर तो गोव्यात अडकलेला. "चार दिवस तरी लागतील, दादा." चार दिवस? आणि किनाऱ्यावर लोक रांग लावून उभे.

शेजारच्या बोटीवरचा एकजण म्हणाला, "अरे, सेन्सर खराब असतलो. माझो पण असोच वाजी. वायर काढून टाकलंय, कटकट गेली. काय एक होवचा नाय."

मी काढली वायर. दोन मिनिटांचं काम. भोंगा गप्प झाला आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

पुढचे सहा दिवस मशीन मधेच दम टाकायचं. आता भोंगा नाही, त्यामुळे मला वाटायचं पेट्रोलमध्ये कचरा असेल. फिल्टर साफ केला, पेट्रोलचा पंप बदलला, दुकानदाराला दोन शब्द सुनावले. मशीन का दमतंय हे सांगणारा जो एकच होता, त्याचंच तोंड मी बांधून ठेवलं होतं.

सातव्या दिवशी बोटीत नऊ पाहुणे होते, त्यात दोन लहान मुलं. डॉल्फिन बघून परत येताना, देवबागच्या टोकाला कर्ली खाडीच्या तोंडावर मशीन बसलं. आधी रंग जळाल्यासारखा वास आला, मग झाकणाखालून वाफ, मग एक कर्रर्र आवाज आणि सगळं शांत. ओहोटी लागलेली. ज्यांना ती जागा माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खाडीचं पाणी बाहेर ओढतं, समोर वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, आणि दोघांच्या मधे तुम्ही, बिनमशीनचे. नांगर टाकला तर तो वाळूत घसरायला लागला. दोर अजून सोडला तेव्हा कुठे धरला. एक ताई मुलाला घट्ट धरून विचारत होत्या, "दादा, हे नेहमी असं होतं का?" मी म्हटलं, "नाही ताई, पहिल्यांदाच." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

वीस मिनिटांनी ओळखीच्या एका बोटीने दोर टाकून ओढून नेलं. कोणाला खरचटलंही नाही. पाहुण्यांनी उतरताना माझे आभार मानले. त्या आभारांची लाज मला आजही वाटते.

मशीन उघडलं तेव्हा कारण समोर आलं. पाण्याच्या पंपातल्या रबरी इंपेलरच्या तीन पाकळ्या तुटलेल्या, थर्मोस्टॅट मिठाने जाम. इंपेलरचं किट दीड-दोन हजारांचं. मशीनचं बिल लाखाच्या वर गेलं. आणि भोंग्याने हे मला सात दिवस आधी सांगितलं होतं.

हे लिहिण्याचं कारण माझं बिल नाही. त्यानंतर चौकशी केली तेव्हा कळलं की वायर काढणारा मी एकटा नव्हतो. आणि माझ्या बोटीची जी तपासणी झाली होती, तिच्यात कोणी भोंग्याबद्दल विचारलंच नव्हतं. कागद बघितले, लाईफजॅकेटं मोजली, नंबर रंगवलाय का ते पाहिलं, सही झाली. मशीन सुरू करून दाखव असंही कोणी म्हटलं नाही.

आता हे प्रकरण काय असतं ते थोडक्यात, कारण बोटीत बसणाऱ्यालाही ते समजायला हवं.

मोटारसायकलचं इंजिन वाऱ्याने थंड होतं, गाडीचं रेडिएटरने. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. ते ज्या पाण्यात चालतं तेच पाणी खालून, पंख्याच्या वरच्या जाळीतून ओढतं, रबरी इंपेलर ते वर ढकलतो, ते इंजिनभर फिरतं आणि बाहेर पडतं. त्यातलीच एक बारीक धार मशीनच्या बाजूने बाहेर दिसते. पंप काम करतोय का ते कळायला ती धार ठेवलेली असते. आमच्याकडचे म्हातारे सरळ विचारतात, "मशीन मुतता मा रे?" हसू नका, यापेक्षा सोपी तपासणी नाही.

आता आपली खाडी आठवा. सुकतीला वाळूच्या पट्ट्यावरून बोट घासत नेली की वाळू आत जाते आणि इंपेलर झिजतो. प्लास्टिकची पिशवी जाळीवर चिकटली की पाणीच बंद. कुठे जाळ्याचा तुकडा, कुठे शेवाळ. खारं पाणी आत सुकलं की मीठ धरतं आणि वाटा बारीक होतात. पावसाळ्यात मशीन तीन-चार महिने नुसतं उभं राहिलं की इंपेलरच्या पाकळ्या वाकलेल्या तशाच ताठ होतात आणि पहिल्याच आठवड्यात तुटतात. त्यात बोटीत माणसं जास्त घेतली की मशीन सतत ओझ्याखाली. म्हणजे मशीन तापायची जेवढी कारणं पुस्तकात आहेत, तेवढी आपल्या किनाऱ्यावर रोज हजर आहेत.

म्हणून तो भोंगा बसवलेला असतो. पण तो फक्त तापलं म्हणूनच वाजत नाही, हे लक्षात ठेवा. ऑइलचं प्रेशर कमी झालं तरी वाजतो. ऑइलची टाकी वेगळी असलेल्या टू स्ट्रोकमध्ये ऑइल संपत आलं की वाजतो. काही मशीनमध्ये पेट्रोलात पाणी आलं तरी वाजतो. कुठे एकसारखा, कुठे थांबून थांबून, कुठे सोबत लाल दिवा. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. म्हणून एक काम आजच करा. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकातलं भोंग्याचं पान काढा, झेरॉक्स करा, प्लास्टिकमध्ये घालून बोटीत चिकटवा. दहा रुपयांचं काम. खलाशी पोरालाही ते पान पाठ पाहिजे.

वाजल्यावर काय करायचं? मी जे मार खाऊन शिकलो ते सांगतो.

पहिलं, थ्रॉटल खाली. ताबडतोब. "तेवढं किनाऱ्यापर्यंत नेऊया" हा विचार मनातून काढा. पण आजूबाजूला बघा. लाटा फुटतायत, खडक जवळ आहे, दुसरी बोट येतेय, तर आधी हळूहळू मोकळ्या पाण्यात या किंवा नांगर तयार ठेवा. माणसं पहिली, मशीन नंतर.

दुसरं, दिवा कसला आहे ते बघा. ऑइलचा असेल तर मशीन बंद. ऑइल काठीने तपासा. कमी असेल तर घाला. पुरेसं असूनही भोंगा वाजत असेल तर परत सुरू करू नका, दुसरी बोट बोलवा.

तिसरं, तापल्याचा इशारा असेल तर धार बघा. धार नसेल तर मशीन बंद करा, वर उचला, जाळी बघा. बरेचदा तिथे एखादी पिशवी गुंडाळलेली असते. काढा, खाली घ्या, थंड होऊ द्या, मग सुरू करून धार बघा. जाळी साफ असूनही धार नाही, तर कधी कधी धारेचं भोकच मिठाने किंवा वाळूने बुजलेलं असतं. गळाची जाड तंगूस त्यात घालून मोकळं करा. तरीही धार नाही, म्हणजे बहुतेक इंपेलर गेला. तो समुद्रात बसून दुरुस्त होत नाही. नांगर टाका आणि मदत मागवा.

चौथं, धार चांगली आहे तरी भोंगा वाजतोय, हा सगळ्यात फसवा प्रकार. लोक म्हणतात, धार आहे म्हणजे सेन्सर खराब. नाही. धार एवढंच सांगते की पंप पाणी ढकलतोय. ते पाणी इंजिनच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचतंय असं ती सांगत नाही. थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो, आतल्या वाटा मिठाने भरलेल्या असू शकतात. मागे कधी इंपेलर तुटला असेल आणि त्याचे तुकडे काढले नसतील, तर ते आत अडकून बसतात. माझा हाच प्रकार होता. पहिले काही दिवस धार चांगलीच होती, म्हणून तर मी शेजाऱ्याचं ऐकलं.

पाचवं, तापलेल्या मशीनवर बादलीने समुद्राचं पाणी ओतू नका. गरम धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तडा जातो. नुसतं थांबा. थांबणं हेच खरं औषध, आणि तेच आपल्याला सगळ्यात जड जातं.

आणि इथेच मुद्दा येतो. आपण वायर का काढतो? आपण मूर्ख आहोत म्हणून नाही. बेफिकीर आहोत म्हणूनही नाही. थांबणं परवडत नाही म्हणून.

हिशेब करा. एक फेरी थांबली की त्या नऊ जणांचे पैसे परत. पुढच्या फेरीचे लोक दुसऱ्या बोटीकडे जातात. पाहुणे फोनवर एक स्टार देतात. बँकेचा हप्ता मात्र एक तारखेलाच येतो. जिल्ह्यात आउटबोर्ड नीट उघडणारे मेकॅनिक बोटावर मोजण्याइतके. दिवसाच्या शेवटी मशीन गोड्या पाण्याने धुवायला पाहिजे हे सगळ्यांना माहीत आहे, पण मी जिथून बोट सोडतो तिथे गोड्या पाण्याचा एक नळ नाही. या परिस्थितीत भोंगा वाजला की माणूस भोंग्यालाच दुश्मन समजतो.

काहीजण म्हणतील, सेन्सर खरंच खराब होतात. होतात की! खाऱ्या हवेत वायरीचं टोक हिरवं पडतं आणि भोंगा उगाच बोंबलतो, हे मी पाहिलंय. पण तो खोटा आहे हे ठरवायचं कसं? मशीन तपासून. आधी वायर तोडून नव्हे. आणि सेन्सर खराब निघाला तर तो बदलायचा. घरातला कुत्रा एक-दोनदा उगाच भुंकला म्हणून आपण त्याला विष घालत नाही.

आता थोडं सार्वजनिक बोलतो.

२४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाची बोट उलटली, दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना बिघाड होऊन नियंत्रण सुटलं असं नौदलाने सांगितलं. दोन्ही घटना वेगळ्या, कारणं वेगळी, आणि त्यांचा माझ्या भोंग्याशी संबंध नाही. पण मोठा अपघात झाला की पुढचा महिनाभर आपण काय करतो ते आठवा. लाईफजॅकेट, लाईफजॅकेट आणि लाईफजॅकेट. ते पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण लाईफजॅकेट कामाला येतं ते माणूस पाण्यात पडल्यावर. तो पाण्यात पडायच्या आधी काय करता येईल, हे विचारायला कोणी तयार नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. अवघड एकही नाही.

एक. हंगामापूर्वीच्या तपासणीत मशीन पाण्यात सुरू करून बघा. चावी फिरवल्यावर बऱ्याच मशीनचा भोंगा क्षणभर वाजून आपण जिवंत आहोत हे सांगतो. तो वाजला का, धार येते का, एवढ्या दोन गोष्टी अर्जावर लिहा. पाच मिनिटं लागतात. ज्याची वायर काढलेली असेल त्याला दंड नको, दुरुस्त करून आठवड्यात परत ये म्हणा. दंड लावला तर लोक तपासणीपुरती वायर जोडतील आणि दुसऱ्या दिवशी काढतील. आपल्याला आपण ओळखतोच.

दोन. प्रत्येक जेटीवर मशीन धुण्यासाठी गोडं पाणी. मला माहीत आहे, मे महिन्यात आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मारामार असते, किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून नळ सताड उघडा ठेवा असं मी म्हणत नाही. दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवा, मशीनचा पाय त्यात बुडवा, न्यूट्रलमध्ये हळू चालवा. पाणी कोमट झालं की बदला. पर्यटकांकडून आपण जे काही कर आणि शुल्क घेतो, त्यातून एवढं व्हायला हरकत नसावी.

तीन. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये आउटबोर्डचा छोटा कोर्स. आपली पोरं मुंबई-पुण्याला जाऊन कुरिअर वाटतात आणि इथे एक इंपेलर बदलायला मेकॅनिक चार दिवस मिळत नाही. एका गावात दोन पोरं शिकली तरी त्यांना हंगामभर काम आहे. मच्छीमारांच्या आउटबोर्डलाही तेच लागतं, फक्त पर्यटनाचा प्रश्न नाही हा.

चार, आणि ही मागणी आपल्याकडेच. बोटवाल्यांच्या संघटनांनी ठरवावं की एखाद्याची फेरी भोंग्यामुळे थांबली तर त्याचे पाहुणे दुसऱ्याने घ्यायचे आणि पैसे वाटून घ्यायचे. समुद्रात दोर टाकायला आपण एका क्षणात धावतो, त्या दिवशी माझ्यासाठी एकजण धावलाच ना? मग तीच माणुसकी किनाऱ्यावर का नको? थांबणाऱ्याचं नुकसान झालं नाही तर कोणी वायर तोडणार नाही. सगळे नियम एका बाजूला आणि ही एक गोष्ट एका बाजूला, असं माझं मत आहे.

पर्यटक मित्रांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. बोटीत बसताना लाईफजॅकेट मागताच, तसं एकदा मशीनकडे बघा. पाण्याची धार दिसते का? नसेल दिसत तर विचारा. विचारण्यात अपमान नाही, चांगला बोटवाला हसून दाखवेल. आणि वाटेत भोंगा वाजला, बोट थांबली, "आज डॉल्फिन नाही, परत जाऊया" असं कोणी म्हणालं, तर त्याच्याशी पैशांवरून भांडू नका. तो माणूस तुमच्या मुलाचा जीव त्या दिवसाच्या कमाईपेक्षा मोठा मानतोय. त्याला पाच स्टार द्या. आणि हो, चिप्सची रिकामी पिशवी पाण्यात टाकू नका. ती कुठेतरी एखाद्या मशीनच्या जाळीवर जाऊन बसते, कदाचित तुमच्याच परतीच्या बोटीच्या.

अडचणीत सापडलात तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा, बोटवाल्यांनीही.

माझ्या बोटीचं सांगतो आणि थांबतो. वायर परत जोडली आहे. इंपेलर आता दर वर्षी गणपती झाले की बदलतो, झिजला असो वा नसो. जुना काढलेला, तीन पाकळ्या तुटलेला, खिळ्याला लटकवून ठेवलाय बोटीत. पाहुणे विचारतात हे काय, तर सांगतो.

गेल्या मे महिन्यात भोंगा एकदा परत वाजला. मी बोट थांबवली, मशीन उचललं, जाळीवर निळी पिशवी होती. काढली, दहा मिनिटं थांबलो, निघालो. एक काका कुरकुरले, "काय हो, एवढ्याशा पिशवीसाठी थांबलात?"

म्हटलं, "हो काका, एवढ्याशा पिशवीसाठीच थांबायचं असतं."

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर जेटीवर या, चहा पिऊया, भांडूया. पण त्याआधी एकदा आपल्या मशीनची चावी फिरवून भोंगा वाजतो का ते बघून या.